बी-५०३ चं साठेखत झालं आणि घेणारे मागे फिरले

जोशी काकू (बी-५०३): सर्वांना नमस्कार. मेसेज जरा मोठा आहे. आमचा फ्लॅट ८० लाखांना ठरला हे बहुतेकांना माहीत आहेच. हवेलीच्या नोंदणी ऑफिसला जाऊन साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, रजिस्टर झालं. टोकनचा १ लाख आधी आणि साठेखताच्या दिवशी ११ लाख मिळाले. बाकीचे ६८ लाख त्यांच्या बँकेकडून ९० दिवसांत यायचे होते. काल फोन आला, काकू, आम्हाला आता जमणार नाही. त्यांची नोकरी गेली म्हणतात. एजंट म्हणतो, करारात लिहिलंय, १२ लाख तुमचेच, शांत बसा. खरंच असं असतं का?

शिंदे (ए-२०२): सही केली ना? मग विषय संपला. एक पैसा परत देऊ नका.

कदम (सी-४०१): शिंदेसाहेब, नोकरी गेलीय हो त्यांची. कोणावरही येऊ शकते अशी वेळ.

शिंदे (ए-२०२): येऊ शकते ना. पण त्याची किंमत काकूंनी का मोजायची? काकूंनी नाशिकला लेकीजवळ फ्लॅट बुक केलाय याच पैशांवर.

मोरे (सी-१०३): टँकर किती वाजता आहे आज?

सेक्रेटरी: अकराला. मोरे, वरचं वाचत चला जरा.

बापट काका (बी-१०१): महारेराकडे तक्रार टाका. ऑनलाइन होते.

गोखले वकील (ए-७०१): काका, रेरा बिल्डर आणि ग्राहकासाठी. रीसेलमध्ये दोन घरमालकांच्या भांडणात महारेरा पडत नाही. काकू, करारातलं पैसे जप्त करण्याचं कलम इथे टाइप करा. फोटो टाकू नका, त्या पानावर आधार आणि पॅन असतात.

जोशी काकू (बी-५०३): "खरेदीदाराने मुदतीत उर्वरित मोबदला न दिल्यास विसारादाखल व मोबदल्यापोटी दिलेली सर्व रक्कम जप्त होईल व त्याबाबत खरेदीदाराची कोणतीही तक्रार राहणार नाही." असं आहे.

शिंदे (ए-२०२): बघा! काळ्यावर पांढरं आहे. आय मीन, पांढऱ्यावर काळं.

गोखले वकील (ए-७०१): लिहिलंय म्हणून मिळेलच असं नाही. तुमच्याच कलमात दोन रकमा वेगळ्या लिहिल्यात. १ लाख विसार. तो सौदा पाळण्याची हमी म्हणून दिलेला असतो, घेणाऱ्याने सौदा मोडला की जातो, त्यावर फार वाद होत नाही. ११ लाख मोबदल्याचा भाग म्हणून आलेत. त्यांना भारतीय करार कायद्याचं कलम ७४ लागतं. करारात आकडा कितीही लिहा, कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं आणि लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा.
सुप्रीम कोर्टाचा १९६३ चा फतेहचंद निकाल जवळजवळ असाच आहे. दिल्लीतला बंगला, सौदा १,१२,५०० चा, विसार १,०००, पुढे २४,००० दिलेले. सौदा फिसकटला. कोर्टाने विकणाऱ्याला १,००० ठेवू दिले, २४,००० जप्त करू दिले नाहीत. उलट २०१२ च्या सतीश बत्रा निकालात ७० लाखांच्या सौद्यात ७ लाख गेले, कारण ते मुळात विसार म्हणूनच दिलेले होते. तेव्हा एजंटचं ऐकून १२ लाख आपलेच असं धरून चालू नका. त्याचं काय, त्याची दलाली साठेखतालाच वसूल झाली असेल.

जोशी काकू (बी-५०३): झालीय. दोन्हीकडून.

निंबाळकर (सी-६०२): सीए म्हणून एक भर घालतो. जप्त केलेली रक्कम फुकट हातात पडत नाही. पूर्वी ती घराच्या खरेदी किमतीतून वजा व्हायची. २०१४-१५ पासून ती त्या वर्षीचं 'इतर उत्पन्न' धरतात आणि तुमच्या स्लॅबने कर लागतो. शिवाय त्यांनी १ टक्का टीडीएस कापून तुमच्या पॅनवर भरला असणार, सौदा ५० लाखांच्या वरचा आहे. तो व्यवहार आयकर खात्याकडे दिसतोच.

शिंदे (ए-२०२): म्हणजे फसवणाऱ्याला सूट आणि फसलेल्याला टॅक्स. वा!

देसाई (ए-३०३): काकू, मी होमलोनच्या फाइली बघतो म्हणून सांगतो. तुमची खरी अडचण १२ लाख नाही. उद्या दुसरं गिऱ्हाईक आलं की त्याची बँक सर्च रिपोर्ट, म्हणजे फ्लॅटच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, काढणार. इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदणी ऑफिसच्या दस्तांच्या नोंदीत, तुमच्या फ्लॅटवर यांचं साठेखत दिसणार. ते रद्द केल्याचा दस्त नोंदवलेला नसेल तर आमच्याकडे फाइल पुढेच सरकत नाही. वकिलाची नोटीस पाठवली, पेपरात जाहीर नोटीस दिली, काहीही दाखवा, आमचा लीगलवाला एकच विचारतो, रजिस्टर्ड कॅन्सलेशन डीड कुठे आहे?

जोशी काकू (बी-५०३): आणि त्यावर त्यांची सही लागते?

देसाई (ए-३०३): दोघांची. नवरा-बायको दोघंही खरेदीदार आहेत ना. ते आले नाहीत तर कोर्ट.

गोखले वकील (ए-७०१): हेच म्हणणार होतो. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर करार पुरा करून द्या असा हुकूमसुद्धा कोर्टाकडून मागता येतो, विकणाऱ्यालाही येतो. पण ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याविरुद्ध ६८ लाखांचा हुकूम घेऊन काय करणार? तोवर फ्लॅट अडकलेला.

पवार (बी-२०४): एक विचारू का? ते लोक या ग्रुपवर आहेत ना? मागच्या महिन्यात कोणीतरी ॲड केलं होतं.

सेक्रेटरी: गणपतीच्या वर्गणीसाठी केलं होतं. मीच.

बापट काका (बी-१०१): अरे देवा.

शिंदे (ए-२०२): असू दे. वाचू दे.

बी-५०३ (नवीन): नमस्कार. सकाळपासून वाचतोय. काकू, फोनवर नीट बोलता आलं नाही, माफ करा. बँकेने मंजुरीपत्र दिलं होतं, पण पैसे सोडण्याआधी पुन्हा सॅलरी स्लिप मागितली आणि माझ्याकडे ती आता नाही. फसवायचा हेतू नव्हता. आमचेही स्टॅम्प ड्युटीचे ५ लाख ६० हजार आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार गेलेत. एजंट म्हणाला ते बुडाले, म्हणून वाटलं निदान १२ लाख तरी सोडायचे नाहीत.

गोखले वकील (ए-७०१): बरं झालं बोललात. स्टॅम्प ड्युटी बुडालेली नाही. ताबा घेण्याआधी, करारापासून पाच वर्षांच्या आत नोंदणीकृत रद्दलेख (देसाई म्हणतात ते कॅन्सलेशन डीड) केला आणि तो नोंदल्यापासून सहा महिन्यांत अर्ज केला, तर मुद्रांक शुल्क परत मिळतं, थोडी कपात होऊन. पूर्वी अर्जाला दोन वर्षं होती, २०१५ पासून सहा महिने आहेत. ३० हजार मात्र विसरा.
आता दोघांनी नीट बघा. काकूंना फ्लॅट मोकळा करायला तोच दस्त हवाय आणि तुम्हाला ५ लाख ६० हजार सोडवायलाही तोच. काकूंशिवाय तुमचं होत नाही, तुमच्याशिवाय काकूंचं होत नाही. एजंटने दोघांनाही अर्धंच सांगितलं.

पवार (बी-२०४): "ताबा घेण्याआधी" म्हणालात. गेल्या आठवड्यात वॉचमनच्या रजिस्टरला नोंद होती, बी-५०३ ला ट्रॉलीवाला, किचनची मापं घ्यायला. किल्ली कोणी दिली होती?

जोशी काकू (बी-५०३): मीच दिली. ओटा तोडून एल आकाराचा करायचा होता त्यांना. किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे.

गोखले वकील (ए-७०१): आज परत घ्या. घेतल्याची दोन ओळींची पोच करा, आणि मापापुरतीच किल्ली दिली होती, ताबा दिला-घेतला नाही, असं रद्दलेखात स्पष्ट येऊ द्या. ओट्याला हात लावलेला नाही ना?

बी-५०३ (नवीन): नाही सर. पेन्सिलने भिंतीवर खुणा केल्यात फक्त. संध्याकाळी किल्ली आणून देतो.

जोशी काकू (बी-५०३): माझी अडचण सांगते. १२ लाख माझ्याकडे नाहीत. नाशिकच्या बिल्डरला दिले. एफडी मोडली तर ४-५ निघतील.

शिंदे (ए-२०२): काकू, हे ग्रुपवर कशाला सांगितलंत?

जोशी काकू (बी-५०३): खरं तेच सांगितलं हो.

देसाई (ए-३०३): यावर रस्ता असतो. नवीन गिऱ्हाईक शोधायला आत्ताच लागा, त्याला सगळं आधी सांगून. मिळालं की एकाच दिवशी हवेलीला आधी रद्दलेख, लगेच पाठोपाठ नवीन साठेखत. नवीन माणसाचा पहिला हप्ता यांच्या नावाच्या डीडीने येतो आणि रद्दलेखावर सही होताना यांच्या हातात पडतो. असे व्यवहार होतात. नवीन बँकेच्या वकिलाला दोन्ही मसुदे आधी दाखवायचे, म्हणजे ऐनवेळी फाटा फुटत नाही.

गोखले वकील (ए-७०१): चालेल. तोपर्यंत दोघांत साधा लेखी समझोता करा. परत किती, कधी, आणि रद्दलेखाला दोघं येणार. तुमची सहा महिन्यांची मुदत रद्दलेख नोंदल्यावर सुरू होते, म्हणून महिना-दोन महिने थांबलात तरी ड्युटी जात नाही. मात्र काकूंना अमर्याद मुदत देऊ नका, तारीख घाला.

बी-५०३ (नवीन): विसाराचा १ लाख काकूंनी ठेवावा, माझी हरकत नाही. ११ परत मिळावेत.

शिंदे (ए-२०२): आणि काकूंनी नाशिकला हप्ता चुकवल्याचं व्याज?

बी-५०३ (नवीन): ते किती होईल?

जोशी काकू (बी-५०३): बिल्डरला विचारून पावतीसकट सांगते. त्याहून जास्त एक रुपया नको मला.

निंबाळकर (सी-६०२): काकू, नाशिकचा फ्लॅट तयार आहे का बांधकाम चालू? जुनं घर विकून आलेल्या नफ्यावरची सूट त्यावर ठरते. तयार घर आधीच घेतलं असेल तर जुन्याची विक्री त्यानंतर वर्षभरात व्हायला हवी. हा सौदा लांबला तर ती गणना बिघडते. कागद घेऊन घरी या, चहा माझ्याकडे.

बापट काका (बी-१०१): आणि सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम? तो घेतला होता ना?

सेक्रेटरी: नाही काका. २५ हजार ही मर्यादा आहे आणि तो प्रत्यक्ष ट्रान्सफरच्या वेळी घेतो. शेअर सर्टिफिकेट अजून काकूंच्याच नावावर आहे, त्यामुळे सोसायटीला काही फिरवावं लागणार नाही. विक्रीचा इरादा कळवणारं पत्र तेवढं नवीन नावाने परत द्या, पंधरा दिवस आधी.

देसाई (ए-३०३): बी-५०३, तुमचं मूळ साठेखत कुठे आहे?

बी-५०३ (नवीन): बँकेने ठेवून घेतलंय, लोनच्या फाइलला.

देसाई (ए-३०३): मग उद्या पहिलं ते काम. लोन नको असल्याचं पत्र द्या आणि मूळ साठेखत, रजिस्ट्रेशनची पावती, दोन्ही सही घेऊन परत आणा. ड्युटीच्या अर्जाला मूळ दस्त लागतो. झेरॉक्सवर कोणी विचारत नाही, आणि एकदा फाइल सेंट्रल ऑफिसला गेली की बाहेर यायला वेळ लावते.

बी-५०३ (नवीन): उद्या सकाळी जातो. काकू, सात वाजता किल्ली घेऊन येऊ?

जोशी काकू (बी-५०३): ये. बायकोलाही आण, समझोत्यावर तिचीही सही लागेल म्हणतात वकीलसाहेब.

सेक्रेटरी: पुढचं तिघांनी वेगळ्या ग्रुपवर घ्या, आकडे इथे नकोत. टँकर आलाय, सी विंगने पंप आत्ता लावू नये.