शंभरी मेंदूतल्या जीनमुळे? मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांचाही अभ्यास व्हावा

जीवशास्त्रवाला, लातूर
हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या ब्रूस यँकनर यांच्या गटाचा 2019 चा 'नेचर'मधला शोधनिबंध यंदा बारावीच्या पोरांना समजावून सांगितला. मरेपर्यंत स्मृती शाबूत असलेल्या माणसांचे मेंदू त्यांनी तपासले. पंचाऐंशीच्या पुढे जगलेल्यांत चेतापेशींना उत्तेजित करणारे जीन ऐंशीच्या आत गेलेल्यांपेक्षा मंदावलेले दिसले. त्या जीनना आवर घालणारं 'रेस्ट' नावाचं प्रथिन शंभरी गाठलेल्यांच्या पेशीकेंद्रकांत जास्त होतं. गोलकृमींमध्ये उत्तेजना कमी केली तर ते जास्त जगले, वाढवली तर लवकर मेले. माझं स्पष्ट मत आहे, आपल्या खेड्यांतल्या शंभरीच्या म्हाताऱ्यांचेही जीन तपासले पाहिजेत.

गोदाकाठ, परभणी
सर, आधी त्यांचं वय कोण ठरवणार? माझ्या चुलत आजीच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी. तिला विचारलं तर म्हणते, "रझाकाराच्या टायमाला मी परकरात होते." हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 ला भारतात आलं. तेव्हा परकरातली म्हणजे सहा वर्षांची का बारा? एवढ्यानं पंच्याऐंशीची नव्वद होते. गावोगाव हीच गत. वयच कच्चं असेल तर त्यावर बांधलेला निष्कर्ष पक्का कसा?

जीवशास्त्रवाला, लातूर
वयाचा मुद्दा मान्य. शाळेचे दाखले, भावंडांची वयं, थोरल्या लेकराचा जन्म जुळवून बघता येईल. अवघड आहे म्हणून सोडून द्यायचं का?

सिस्टर, बीड जिल्हा
मी उपकेंद्रात काम करते. दिवाळी झाली की लेक-सुना ऊसतोडीला जातात, गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. एका आजोबांना ऐकू येत नाही. ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले असतात. बोलायचं तर कानाशी ओरडावं लागतं, म्हणून कुणी बोलतच नाही. काही विसरले की लगेच "म्हातारचळ लागला". 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येणारी 14 कारणं सांगितली. त्यात बहिरेपण आहे, एकटेपण आहे, बीपी, शुगर, कमी शिक्षण आहे. ही सगळी आवरली तर जगातला जवळपास 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतो किंवा लांबवता येतो, असा त्यांचा अंदाज. आमच्याकडं बीपीची गोळी संपली की लोक महिना महिना घेत नाहीत. पैसा आणि माणसं आधी इथं लावा, जीन नंतर बघू.

जीवशास्त्रवाला, लातूर
सिस्टर, तुमच्या कामाबद्दल आदर आहेच. पण जीनचं संशोधन म्हणजे चैन नव्हे. याच गटानं 2014 मध्ये दाखवलं होतं, की निरोगी म्हातारपणी मेंदूत वाढणारं रेस्ट अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात चेतापेशींच्या केंद्रकातून नाहीसं होतं. उद्या औषध निघालं तर ते अशाच वाटेनं निघेल. तेव्हा आपल्या माणसांची माहितीच नसेल, तर ते आपल्याला लागू पडेल हे कशावरून?

वाचक, नांदेड
पण मेल्यावर तपासलेल्या मेंदूवरून कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे कळत नाही. रेस्ट जास्त म्हणून माणूस जगला, का जगला म्हणून रेस्ट वाढलं? कृमीवरून माणसावर उडी मोठी आहे. शिवाय डॅनिश जुळ्यांच्या 1996 च्या अभ्यासात आयुष्यमानातल्या फरकाचा साधारण पाव हिस्साच आनुवंशिक निघाला होता.

गोदाकाठ, परभणी
पाव हिस्साही थोडका नाही. पण माझं मत सिस्टरच्या बाजूनं. आजीला कानाचं मशीन मिळालं तर मला तिचं जीन कळायची घाई नाही.

सिस्टर, बीड जिल्हा
सर, रक्ताचे नमुने घ्यायला गावात याल तेव्हा बीपीचं यंत्र आणि कान तपासणारा माणूस सोबत आणा. मग मीच घरोघर फिरवते तुम्हाला.