शब्दचर्चा : 'मुक्ती' आणि 'स्वातंत्र्य'

शाईचा डाग : १५ ऑगस्ट स्वातंत्र्यदिन, पण १७ सप्टेंबर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि गोव्याचा १९ डिसेंबरही मुक्तिदिनच. असं का? अर्थ एकच ना दोन्हीचा?

बोरूबहाद्दर : नाही हो. स्वातंत्र्य म्हणजे स्वतःचं तंत्र, आपला कारभार आपल्या हातात. मुक्तीला आधी कुणीतरी धरून ठेवलेलं लागतं, बघा ना, कर्जमुक्ती, व्यसनमुक्ती.

गोदाकाठ : मराठवाड्यापुरतं सांगतो. १९४७ ला 'स्वतंत्र' हा शब्द खुद्द निजामच वापरत होता, त्याला हैदराबाद वेगळं राज्य म्हणून ठेवायचं होतं, आणि लोकांना तर त्याच्या हातून सुटून भारतात यायचं होतं, मग मुक्ती नाही तर काय म्हणणार? हा माझा अंदाज. बाकी आमच्याकडची म्हातारी माणसं मुक्ती वगैरे म्हणतच नाहीत, 'रझाकारीत' (रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्या) नाहीतर 'पोलीस ॲक्शनच्या साली' (१९४८ ची भारताची लष्करी कारवाई) असंच बोलतात. लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ, संन्यासी माणूस. म्हणजे मुक्ती दोन्ही अर्थांनी :)

खडूस आजी : मला मुक्ती म्हटलं की केडगाव आठवतं, पुण्याहून जाताना दौंडच्या अलीकडे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. बाईंचे स्वतःचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेले, आणि पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. केडगावला शेती, विहिरी, विणकाम, छापखाना, खिळे जुळवायलाही बायकाच. हरिपाठातल्या 'मुक्ति चारी' म्हणजे देवाजवळ पोचायच्या गोष्टी, इथे मुक्ती म्हणजे आधी पोटाला भाकरी, मग हाताला काम. अर्थात बाई १८८३ लाच ख्रिस्ती झालेल्या, तेव्हा त्यांच्या मनात तो अर्थही होताच.

शाईचा डाग : पण ख्रिस्ती मराठीत त्याला 'तारण' म्हणतात ना?

खडूस आजी : म्हणतात, पण मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी, ख्रिस्ती सेवासंस्था) पण आहेच की. आणि तारण म्हटलं की आम्हाला बँकेत ठेवलेले दागिने आठवतात.

तिरपागडा : सगळं छान, पण मुंबईत १८८९ ला रमाबाईंनी विधवा-मुलींच्या शिक्षणासाठी काढलेलं शारदा सदन पुण्यात आल्यावर धर्मांतराच्या संशयावरून लोकांनी मुली काढून नेल्या, तेही सांगा. मुक्ती एकाला सुटका वाटते, दुसऱ्याला जाळं.

खडूस आजी : सांगते की. १८९३ ची गोष्ट. पण त्याच सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी त्याच साली लग्न केलं, आणि पुढे त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. त्या काही ख्रिस्ती झाल्या नाहीत. बाईंची श्रद्धा मला सगळी पटत नाही, पण ज्यांना घरात पण जागा नव्हती त्यांना तिथे अक्षर मिळालं, ते मी जास्त धरते.

गोदाकाठ : बाबासाहेबांचं १९३६ चं 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण राहिलं की! तिथे तर धर्म बदलणं हाच मुक्तीचा रस्ता. स्वातंत्र्य शब्द तिथे चाललाच नसता, कारण देश स्वतंत्र झाला तरी गावची विहीर बंदच राहिली असती.

बोरूबहाद्दर : पटलं. जाता जाता, एकटी 'मुक्ती' दीर्घ आणि समासात 'मुक्तिसंग्राम' ऱ्हस्व, बोर्डांवर दोन्ही दिसतात. आणि 'मुक्तता' आता फक्त कोर्टात उरली, निर्दोष असाल तर.