समाज आणि कला: इंग्रजी परीक्षेसाठी शब्दयाद्या पाठ करण्यात अर्थ आहे का?

शब्दसखी (धागाकर्ती)

आयईएलटीएस किंवा टोफेलची तयारी करणारे बरेच जण विषयवार शब्दयाद्या पाठ करत बसतात. 'कला' या मथळ्याखाली सर्रिअलिझम, फ्रेस्को, स्टिल लाइफ, आणि 'समाज' या मथळ्याखाली तसलीच आणखी एक लांबलचक यादी. माझ्या मते यात वेळ वाया जातो. कलेच्या बाबतीत तर नक्कीच.

निबंधात चित्रांच्या शैलींबद्दल सहसा कोणी विचारत नाही. प्रश्न येतात ते असे: सरकारने कलेवर खर्च करावा की तो पैसा आरोग्याकडे वळवावा? शाळेत संगीत आणि चित्रकला सक्तीची असावी का? संग्रहालयांनी प्रवेशशुल्क घ्यावं का? कलाकाराच्या अभिव्यक्तीवर बंधनं असावीत का? मथळा कलेचा, पण वाद समाजाचा. तिथे फ्रेस्कोचा उपयोग शून्य. लागतात ते पब्लिक फंडिंग, सब्सिडी, हेरिटेज, अ‍ॅक्सेस, सेन्सॉरशिप, एलिटिस्ट असे शब्द, आणि तेही सुटे नाहीत. हेरिटेज 'प्रिझर्व्ह' करतात, अ‍ॅक्सेस 'वायडन' करतात, सोशल कोहेजन 'स्ट्रेंग्थन' किंवा 'अंडरमाइन' करतात. सोबतचं क्रियापद माहीत नसेल तर नाम पाठ असूनही वाक्य अडतं.

म्हणून मी सुचवते ते असं. एक प्रश्न घ्या. त्यावर परस्परविरोधी मतांचे दोन लेख वाचा. ज्या शब्दसमूहांवर लेखकाचा युक्तिवाद उभा आहे, तेवढेच वहीत उतरवा. मग वही मिटून आपली बाजू लिहा, आणि दुसऱ्या दिवशी विरुद्ध बाजू. तेच शब्द दोन्ही बाजूंनी राबवले की अंगवळणी पडतात.

पुनरावृत्ती

असहमत. तुम्ही वाईट याद्यांवर टीका करताय आणि सगळ्याच याद्या मोडीत काढताय.

भाषाअभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट २००० साली प्रसिद्ध झाली. सुमारे ३५ लाख शब्दांचं विद्यापीठीय लेखन तपासून त्यांनी ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कूळ) निवडली, आणि तशा लेखनाचा साधारण १० टक्के भाग एवढ्याच शब्दकुळांनी व्यापलेला असतो. त्यात फ्रेस्को नाही. कॉन्ट्रिब्यूट, सिग्निफिकंट, डिराइव्ह, कॉन्सिक्वेन्स आहेत. समाजावर लिहा नाहीतर कलेवर, हे लागणारच.

दुसरं म्हणजे वेळ. वाचनातून शब्द आपोआप लक्षात राहायचा तर तो पुन्हापुन्हा भेटावा लागतो. शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या हिशोबानुसार इंग्रजी पुस्तकं किंवा वर्तमानपत्रं कोणाच्या मदतीशिवाय वाचायला ८ ते ९ हजार शब्दकुळं लागतात. नोकरी सांभाळून तीन महिन्यांत परीक्षा द्यायची असेल तर तिथवर केवळ लेख वाचून कोणी पोचत नाही. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं. एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ लिहिलेली कार्डं वाढत्या अंतराने उलटणं हा त्यावरचा साधा उपाय. रोज थोडं, पण न चुकता.

शब्दसखी

तुमची यादी चांगली आहे, हे मान्यच. पण ती कशासाठी आहे तेही पाहा. मायकेल वेस्ट यांच्या १९५३ च्या जनरल सर्व्हिस लिस्टमधले, म्हणजे इंग्रजीतले रोजच्या वापरातले, सुमारे २००० शब्द तिने आधीच वगळले आहेत. ते येतात असं ती धरून चालते. आणि निबंधात बहुतेकांचं घोडं अडतं ते नेमकं तिथेच. कॉन्सिक्वेन्सचा अर्थ सगळ्यांना येतो, पण 'रेझ', 'मीट', 'होल्ड', 'ड्रॉ' ही साधी क्रियापदं कशाला जोडायची ते कळत नाही. रेझ अवेअरनेस, मीट द कॉस्ट, होल्ड अ‍ॅन एक्झिबिशन, ड्रॉ ऑडियन्सेस. यातलं एकही क्रियापद अवघड नाही, म्हणून कोणी त्याचं कार्ड करत नाही.

तपासनीस

मी या परीक्षांचे वर्ग घेते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आयईएलटीएसच्या लेखनात शब्दसंपदेला एकूण गुणांच्या चौथ्या हिश्शाचं वजन आहे. तिथे फक्त दुर्मिळ शब्द मोजत नाहीत. शब्द नेमका बसलाय का, तो शेजारच्या शब्दाशी जुळतो का, हेही पाहतात. पाठ केलेली वाक्यं जशीच्या तशी उतरवली तर फायदा सोडाच, नुकसान होतं. 'प्लेथोरा' आणि 'मिरियड' निबंधात कोंबलेले असतात आणि पुढच्याच ओळीत 'डिड क्रिटिसिझम' असतं. आपण मराठीत टीका 'करतो', म्हणून ते येतं. 'प्रेशर ऑफ सोसायटी'ही तसंच, तिथे हवं असतं सोशल प्रेशर.

एकच मुद्दा दोन प्रकारे पाहा. 'मेनी पुअर पीपल कॅनॉट गो टू म्युझियम्स बिकॉज टिकिट इज कॉस्टली.' अर्थ पोचला, पण बँड (आयईएलटीएसची गुणश्रेणी) वाढत नाही. आता हे: 'हाय एन्ट्री फीज एक्स्क्लूड लो-इन्कम फॅमिलीज फ्रॉम म्युझियम्स.' यात पाठ करावा असा भारी शब्द एकही नाही. 'एक्स्क्लूड'ने सगळं काम केलं, कारण ते क्रियापद वगळलं जाण्याचा सामाजिक अर्थ सोबत घेऊन येतं. असं क्रियापद यादीत 'वगळणे' एवढ्या अर्थासह पडून राहतं. वादात वापरलं की त्याची ताकद कळते. त्यामुळे मी धागाकर्तीच्या बाजूने.

पुनरावृत्ती

ताई, 'एक्स्क्लूड' त्या ५७० मध्येच आहे. कार्डावर नुसता अर्थ न लिहिता तुमचं हेच वाक्य लिहिलं तर? मग यादीला विरोध कशासाठी?

तपासनीस

वाक्यासकट कार्डाला माझा विरोध नाही. पण ते वाक्य विद्यार्थ्याने स्वतः वाचून शोधलेलं असावं. तयार विकत घेतलेल्या गठ्ठ्यातलं नको.

नवखा०७

एक भर. शब्दाचं अख्खं कूळ एकत्र घ्यावं. सोशल, सोशिएबल, सोसायटल यांत माझा नेहमी गोंधळ व्हायचा. हिस्टॉरिक बिल्डिंग पण हिस्टॉरिकल नॉव्हेल. बोलण्याच्या परीक्षेत आघातही सरकतो: फोटोग्राफमध्ये पहिल्या अवयवावर (सिलेबलवर), फोटोग्राफीमध्ये दुसऱ्या, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्या. लेख मनात वाचून हे कळणार नाही, ऐकावंच लागेल.

पुनरावृत्ती

नवखा, अगदी बरोबर. आणि ऐकण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सगळे फक्त निबंधाबद्दल बोलताय. आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्ये ध्वनिमुद्रण एकदाच वाजतं आणि स्पेलिंग चुकलं की तो गुण गेला. एक्झिबिशनमधला न उच्चारला जाणारा एच किंवा गव्हर्नमेंटमधला एन गाळणारे कितीतरी आहेत. वाचनात ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात, तिथे शब्द दिसताक्षणी ओळखावा लागतो. या दोन्हींसाठी घोकंपट्टीला पर्याय मला कोणी दाखवलेला नाही.

शब्दसखी

लिसनिंग आणि स्पेलिंगसाठी मान्य. तिथे घोका. निबंधासाठी मात्र माझं मत बदललेलं नाही. ज्याने 'कलेवर सार्वजनिक पैसा का खर्च करावा' यावर कधी विचारच केला नाही, त्याला ५७० शब्दकुळं पाठ असली तरी दुसऱ्या परिच्छेदात काय लिहायचं हा प्रश्न उरतोच.