मदत हवी आहे: विकिपीडिया आणि मराठी विश्वकोशाचा संदर्भ कसा द्यायचा?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोलीची, एमए मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. धालोगीतांवर, म्हणजे आमच्याकडच्या बायकांच्या लोकगीतांवर, लघुप्रबंध लिहितेय. महिनाअखेरीस द्यायचाय आणि संदर्भसूचीपाशी गाडी अडलीय.

पौषात बायका रात्री मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या मोकळ्या जागेत, धालो खेळतात, त्याविषयीचं एक वाक्य मी पावसाळ्यात विकिपीडियावरून घेतलं. सूचीत नुसतं ‘विकिपीडिया’ लिहून पुढे दुवा टाकला. परवा मार्गदर्शक मॅडमनी तो माझ्यासमोरच उघडला. लेख होता, पण ते वाक्य नव्हतं. मधल्या काळात कोणीतरी काढलेलं. मॅडम रागावल्या नाहीत. माझ्या कागदावर त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि एवढंच विचारलं, “हे तू कुठे वाचलंस?” मला दाखवता येईना. मी मनचं लिहिलं असं त्यांना वाटलं असेल का, हेच डोक्यात घोळतंय.

आम्हाला एमएलए या संदर्भ देण्याच्या पद्धतीची नववी आवृत्ती वापरायला सांगितलीय. लेखकाच्या जागी काय लिहू? तारीख मी वाचलं त्या दिवसाची की दुसरी कुठली? आणि मराठी विश्वकोशाचे खंड पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत चाळले असले, तरी नोंदी वाचल्या घरी, संकेतस्थळावर. मग खंड लिहू की दुवा?

प्रतिसाद १

ताई, ते वाक्य सापडेल. लेखाच्या वर ‘इतिहास पहा’ आहे, तिथे प्रत्येक बदल तारीखवार असतो. तुम्ही वाचलं त्या सुमाराच्या तारखेवर टिचकी मारा, त्या दिवशीचा लेख जसाच्या तसा उघडतो. त्या पानाच्या दुव्यात ‘ओल्डआयडी’ (oldid) आणि एक आकडा दिसेल. सूचीत तोच दुवा द्या, लेख पुढे कितीही बदलला तरी तो त्याच आवृत्तीवर नेतो.

विकिपीडियाच्या लेखाला एक लेखक नसतो, म्हणून सुरुवात शीर्षकाने: “लेखाचे शीर्षक.” *विकिपीडिया*, विकिमीडिया फाउंडेशन, त्या आवृत्तीची तारीख, दुवा. मजकुरातल्या कंसातही शीर्षकच. पाहिल्याची तारीख एमएलएत ऐच्छिक आहे, तरी शेवटी जोडा.

विश्वकोशाचं वेगळं. तिथे नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं, ते बहुतेकजण बघतच नाहीत. त्या माणसाने अभ्यास करून नोंद लिहिलीय, त्याचं नाव आधी यायलाच हवं. वाचलं संकेतस्थळावर, तर दुवाच द्या. ज्या खंडातून नोंद वाचली नाही, त्याचा पृष्ठांक देऊ नका.

प्रतिसाद २

जुनी आवृत्ती मिळाली की त्या वाक्याला तळटीप होती का, तेही बघा. असेल तर मूळ पुस्तक गाठा आणि संदर्भ त्याचाच द्या. नसेल तर वाक्य सोडा. धालोवर लिहिताय, मांडावर गाणाऱ्या बायका तुमच्या गावातच असतील की!

धागाकर्ती

सापडलं! जुलैची आवृत्ती आहे, वाक्य जसंच्या तसं. मॅडमना आत्ताच दुवा पाठवला. पण तळटीप नाही, म्हणून ते वाक्य काढतेय. माझी मावशी गेली कित्येक वर्षं मांडावर धालो गाते, रविवारी तिच्याकडे बसून सगळं लिहून घेते. तिचं नाव सूचीत ‘मुलाखत’ म्हणून, तारखेसकट टाकलं तर चालेल ना? की आडनावाने सुरुवात करू?