मदत हवी आहे : पन्नास टक्के क्षमतेच्या नाट्यगृहात ज्येष्ठांना न्यावे का?

नमस्कार. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. करोनामुळे बंद असलेली राज्यातील चित्रपटगृहे आणि नाट्यगृहे २२ ऑक्टोबर २०२१ पासून निम्म्या आसनक्षमतेने पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय चालू आहे, तो म्हणजे सासऱ्यांचे नाटक. त्यांचे वय ७८ आहे, मधुमेह औषधांनी आटोक्यात आहे आणि कोविशील्ड लशीच्या दोन्ही मात्रा मे महिन्यातच पूर्ण झाल्या आहेत. सासूबाई ७२ वर्षांच्या असून त्यांना दमा आहे. त्यांचेही लसीकरण झाले आहे.

त्यासाठीचे ऑक्टोबर २०२१ चे नियम मी वाचले आहेत. एक सोडून एक खुर्ची, मास्कची सक्ती, लसीकरणाचे प्रमाणपत्र किंवा आरोग्य सेतू या मोबाइल ॲपवर ‘सुरक्षित’ अशी नोंद, प्रेक्षागृहात खाणेपिणे नाही. हे सारे योग्यच आहे; परंतु त्यातून आत किती माणसे बसतील एवढेच कळते, तिथली हवा कशी असेल हे कळत नाही. चित्रपटगृहाची मला तितकी धास्ती वाटत नाही, कारण पडद्यावरचा नट निदान आपल्या अंगावर श्वास तरी सोडत नाही. नाटकात मात्र नट मास्कविना, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा खणखणीत आवाजात बोलतो. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या अडीच तासांच्या सरावाला ६१ जण जमले होते आणि त्यांपैकी ५३ जणांना लागण झाली किंवा झाली असावी असे आढळले. तेव्हा लस नव्हती, हे मान्य. तरीही बंद जागेत मोठ्या आवाजात बोलण्या-गाण्याने काय होऊ शकते, ते या एका उदाहरणावरून दिसते.

खरी अडचण पुढेच आहे. सासऱ्यांना कमी ऐकू येते. दोन्ही कानांना श्रवणयंत्र असूनही संवाद नीट कळण्यासाठी त्यांना नटांचे ओठ दिसावे लागतात, म्हणून ते पहिल्या तीन रांगांखेरीज कधी बसत नाहीत. म्हणजे ज्या जागी धोका अधिक असावा असे मला वाटते, नेमकी तीच जागा त्यांना हवी आहे. “बाल्कनीत बसवणार असशील तर मला घरीच रेडिओ लावून दे,” असे त्यांनी बजावले आहे. शिवाय, दीड वर्षातला बराच काळ पडद्यामागची माणसे कामाविना बसली आहेत, आपण गेलो नाही तर जाणार कोण, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आमचा मुलगा आठवीत आहे, त्याची शाळा ४ ऑक्टोबरला सुरू झाली आणि त्याच्या वयाच्या मुलांचे लसीकरण यंदा, २०२१ मध्ये, अद्याप सुरू झालेले नाही. तेव्हा विषाणूला घरात यायचे असेल तर तो तिसऱ्या घंटेची वाट पाहत थांबणार नाही, हा त्यांचा युक्तिवादही मला खोडता आलेला नाही.

बालगंधर्व किंवा यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात अलीकडे जाऊन आलेल्यांनी, तसेच या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे : कोणत्या रांगेत बसवावे, मध्यंतरात काय करावे, नाट्यगृहात हवा खेळती आहे की नाही हे आधी कसे कळेल, आणि सासूबाईंना नेऊच नये का?

प्रतिसाद : प्रकाशयोजक

ताई, मी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे हवेविषयी थोडे सांगू शकतो. वातानुकूलन चालू आहे याचा अर्थ बाहेरची हवा आत येत आहे असा होत नाही. अनेक सभागृहांत आतलीच हवा थंड करून पुन्हा सोडली जाते, आणि बाहेरची हवा घेण्याची झडप विजेचे बिल वाढू नये म्हणून जवळजवळ बंद ठेवलेली असते. हवा बाहेर फेकणारे पंखे प्रयोगात आवाज करतात, म्हणून तेही काही ठिकाणी बंद करतात. त्यामुळे व्यवस्थापकांना फोन करून ‘एसी आहे का’ असे विचारू नका. ‘बाहेरची ताजी हवा घेता का, आणि दोन प्रयोगांच्या मध्ये दारे किती वेळ उघडी ठेवता’ असे विचारा. उत्तर देताना ते अडखळले तर काय ते समजा. कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपण श्वासावाटे सोडतो तो वायू, मोजणारे छोटे यंत्र कोणाकडे मिळाले तर सोबत न्या. मोकळ्या हवेत आकडा साधारण ४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) वर असतो. आत तो ८०० च्या आसपास राहिला तर हवा बरी आहे. दीड हजाराच्या पुढे गेला तर मी तरी उठून बाहेर येईन.

रांगेबद्दल म्हणाल तर पहिली सोडा, पाचवी किंवा सहावी घ्या आणि कडेची, दाराजवळची खुर्ची मागा. पुढचे प्रखर दिवे नटांच्या तोंडावरच असतात, त्यामुळे तिथून ओठ दिसतात. निम्म्या क्षमतेमुळे समोरची खुर्ची रिकामी मिळाली तर काकांच्या दृष्टीने उत्तमच. शनिवार-रविवारच्या प्रयोगांपेक्षा आठवड्याच्या मधल्या दिवसाचा प्रयोग गाठा.

प्रतिसाद : कर्णोपकर्णी

माझ्या आईलाही श्रवणयंत्र आहे, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगते. कानामागे श्रवणयंत्र, चष्म्याची काडी आणि मास्कचा दोरा असे तिन्ही एकत्र आले की मास्क काढताना यंत्र हमखास निसटून पडते. ते अंधारात खुर्च्यांखाली शोधणे हा एक वेगळाच प्रयोग होतो. ज्याचे पट्टे कानाऐवजी डोक्यामागून जातात असा एन-९५ मास्क घ्या. तो चेहऱ्यालाही घट्ट बसतो, आणि कडेने हवा शिरत असेल तर चांगल्या मास्कचाही उपयोग उरत नाही. मध्यंतरात मास्क उतरवून चहा-वडा खाण्याचा मोह टाळावा. खायचेच असेल तर बाहेर मोकळ्या अंगणात जावे, कारण खरी गर्दी वड्यांच्या खिडकीपाशी होते.

सासूबाईंबाबत मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. आधी घरी तोच मास्क लावून दोन-तीन तास बसता येते का ते पाहावे. श्वास लागत असेल तर प्रश्न तिथेच मिटला.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सासऱ्यांना पाचव्या रांगेची कडेची खुर्ची तत्त्वतः मान्य आहे. तिसऱ्या रांगेवरून इथवर यायला त्यांनी बरीच घासाघीस केली. सासूबाईंनी मास्क तासभर लावून पाहिला आणि “तुम्ही जा, मला नंतर गोष्ट सांगा,” असे म्हणून काढून ठेवला. त्यामुळे सासऱ्यांसोबत मी एकटीच जाईन. व्यवस्थापकांना उद्या सकाळी फोन करणार आहे. डोक्यामागून पट्टे जाणारा एन-९५ मास्क कोथरूड-कर्वे रस्ता परिसरात कोणत्या औषधांच्या दुकानात मिळतो, हे कोणी सांगू शकेल का? आमच्या जवळच्या दुकानांत फक्त कानात अडकवायचेच मिळत आहेत.