रोहिंग्या छावण्यांतील असाध्य रुग्णांसाठी काय करता येते?

प्रश्न – परिचारिका, नाशिक
कर्करोग विभागात अकरा वर्षे काम केल्यानंतर मी एका वैद्यकीय पथकाबरोबर बांगलादेशातील कॉक्स बाजार येथील रोहिंग्या छावण्यांत जाणार आहे. ज्यांचा आजार बरा होणार नाही त्यांच्यासाठी आपण काय नेतो आहोत, असे मी बैठकीत विचारले, तेव्हा ‘आधी जीव वाचवू, मग ते पाहू’ असे उत्तर मिळाले. ते मला पटले नाही. तिथे पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, खरोखर देता येते का?

उत्तर १ – वेदनाशमन विभागातील डॉक्टर
देता येते आणि द्यायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये मानवी आपत्तींतील पॅलिएटिव्ह केअरसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली; मदतकार्याचे किमान निकष सांगणाऱ्या ‘स्फिअर’ पुस्तिकेतही त्याच वर्षी पॅलिएटिव्ह केअरचा समावेश झाला. ऑगस्ट 2017 पासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या माणसे म्यानमारमधून सीमा ओलांडून आली आणि ती अजून परतू शकलेली नाहीत. इतक्या वर्षांत कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंडाचे विकार थोडेच थांबणार आहेत? तोंडावाटे द्यायचे मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचे औषध स्वस्त असते, परंतु ते नियंत्रित औषध असल्यामुळे सामानातून मुळीच नेऊ नका. यजमान देशाच्या परवान्यानेच मिळवा आणि मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते म्हणून त्यासोबत तिच्यावरचे औषध न विसरता द्या.

उत्तर २ – तिथे काम केलेला स्वयंसेवक
झोपड्या बांबूच्या आणि ताडपत्रीच्या, त्यातल्या कित्येक टेकड्यांच्या उतारावर. पावसात चिखल झाला की रुग्णाला उचलून दवाखान्यात आणणे त्याच्याच जिवावर बेतते, आणि छावणीबाहेरच्या रुग्णालयात न्यायचे तर परवानगी लागते. म्हणून आपणच झोपडीत जावे. शुश्रूषा बहुधा पत्नी किंवा मुलगी करते. तिला कूस कशी बदलावी, तोंड कसे स्वच्छ ठेवावे, जखमेचा दर्प घालवण्यासाठी मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड कशी वापरावी, हे हाताला धरून शिकवा. रोहिंग्या भाषा चितगावच्या बोलीला जवळची असल्याने स्थानिक दुभाषी मिळतात. बापाच्या मरणाची बातमी त्याच्याच लेकराच्या तोंडून सांगण्याची वेळ मात्र येऊ देऊ नका.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. परवान्याची चौकशी आजच सुरू करते. अखेरच्या घटकेला कुटुंबाला काय हवे असते?

उत्तर २ – तोच स्वयंसेवक
गृहीत धरू नका, आधी विचारा. बहुतेकांना रुग्णाचे तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला हवे असते, कानाशी कलमा, म्हणजे इस्लामवरील श्रद्धेचे वचन हवे असते, आणि स्त्रीच्या मयतीला स्त्रियांनीच स्नान घालावे अशी अपेक्षा असते. अनेक वृद्ध आपल्या गावच्या मातीत दफन व्हावे असे बोलून दाखवतात. ते आपल्या हातात नसते. तेव्हा खोटा दिलासा न देता जवळ बसून त्यांच्या गावाविषयी ऐकावे.