मदत हवी आहे (सप्टेंबर 2025): युनायटेडचं चुकतंय नक्की कुठे? पोराला काय सांगू?

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय मँचेस्टर युनायटेड, इंग्लंडचा फुटबॉल क्लब. राग आहेच, पण तो काढायला आलेलो नाही, खरंच मदत हवी आहे.

आम्ही कोल्हापूरचे. घरात फुटबॉल आजोबांपासून. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की दुकानाचं शटर लवकर खाली येतं. युनायटेडचं वेड मला लागलं 1999 च्या मे महिन्यात, बायर्न म्युनिकविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये शेवटच्या क्षणी दोन गोल झाले त्या रात्री. आता तेच वेड माझ्या बारा वर्षांच्या मुलाला आहे. तो मिडफिल्डला खेळतो आणि त्याचा सगळ्यात लाडका खेळाडू म्हणजे युनायटेडचाच मिडफिल्डर कोबी मेनू. 2024 च्या एफए कप फायनलमध्ये मेनूने मँचेस्टर सिटीविरुद्ध गोल मारला, त्याचा फोटो पलंगाच्या वरच्या भिंतीवर चिकटवलेला आहे.

गेला हंगाम (2024-25) कसा गेला ते सगळ्यांना माहीत आहे. प्रीमियर लीगमध्ये 42 गुण, पंधरावा नंबर, वर बिल्बाओला टॉटनहॅमकडून युरोपा लीगची फायनल 0-1 ने हरलो. तरी पोरगं म्हणत होतं, "पप्पा, पुढच्या वर्षी बघा." उन्हाळ्यात कुन्या, म्बेमो, शेश्को हे पुढे खेळणारे तिघं नवीन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं.

मग 27 ऑगस्टची लीग कपमधली ग्रिम्स्बीविरुद्धची मॅच. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू. दुसऱ्या दिवशी शाळा असूनही मी त्याला जागू दिलं, चौथ्या श्रेणीतला संघ, म्हटलं चार गोल बघून झोपेल. हाफटाइमला 0-2. कसेबसे 2-2 केले आणि टायब्रेकरमध्ये 11-12 ने गेलो. म्बेमोची किक बारवर आपटली तेव्हा पोरगं उशीत तोंड खुपसून रडलं. त्याच मॅचमध्ये आपला मॅनेजर रुबेन अमोरिम पावसात डगआउटमध्ये बसून हातातल्या छोट्या बोर्डवर सोंगट्या सरकवत होता, ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. समोर मैदानावर माणसं धावत होती आणि मॅनेजरचं लक्ष बोर्डात.

परवा रविवारी सिटीकडून 0-3. त्यांच्या स्ट्रायकरचा, हालांडचा, दुसरा गोल झाला तसं पोरगं उठलं आणि काही न बोलता झोपायला गेलं. रडलं असतं तर बरं वाटलं असतं मला. चार मॅचमध्ये चार गुण, 1992-93 नंतरची आपली सगळ्यात वाईट सुरुवात. अमोरिम आल्यापासून लीगच्या 31 मॅच, गुणही 31. आणि मॅचनंतर हा माणूस सांगतो की मी पद्धत बदलणार नाही, बदल हवा असेल तर माणूस बदला.

काल संध्याकाळी पोराला समजवायला कॅरमच्या सोंगट्या घेऊन जमिनीवर बसलो. नऊ काळ्या आणि राणी म्हणजे आपले दहा, राणी म्हणजे कॅप्टन ब्रुनो फर्नांडिस. नऊ पांढऱ्या आणि स्ट्रायकर म्हणजे सिटी, स्ट्रायकर अर्थातच हालांड. गोलकीपर दोन्हीकडे धरले नाहीत. आपली 3-4-3 मांडली. मागे तीन, दोन कडेला दोन विंगबॅक (अख्खी कड वर-खाली धावणारे), पुढे तीन. मधे उरले दोनच. सिटीच्या पांढऱ्या मधे तीन. पोराने दोन मिनिटं बघितलं आणि राणीवर बोट ठेवून विचारलं, "पप्पा, ब्रुनो एवढा मागे का? आणि दोघं तिघांना पुरे पडत नाहीत, तर मेनू तिथे का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर जाणकारांना विचारायचंय ते असं. ही पद्धतच वाईट आहे, की आपली माणसं तिला जुळत नाहीत? मेनूला यंदा एकाही लीग मॅचमध्ये सुरुवातीपासून का घेत नाहीत? त्याने ऑगस्टअखेर लोनवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडे, जायची परवानगी मागितली, क्लबने ती दिली नाही आणि खेळवतही नाहीत. आणि तिसरं, आपल्याच अकादमीतल्या मॅकटॉमिनेला 2024 मध्ये नापोलीला विकलं, तो तिथे विजेतेपद जिंकून इटलीच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. असा पोरगा विकतातच का? 1937 पासून प्रत्येक मॅचच्या संघात घरच्या अकादमीतला निदान एक खेळाडू असतो, हे मी पोराला अभिमानाने सांगत आलोय. "मालक खराब आहेत" एवढंच उत्तर नको, ते आम्हालाही माहीत आहे.

प्रतिसाद 1

दादा, पोराने बोट बरोबर जागी ठेवलंय. पद्धत मुळात वाईट नाही. याच आखणीने अमोरिमने पोर्तुगालच्या स्पोर्टिंगला 2021 मध्ये 19 वर्षांनी लीग जिंकून दिली, 2024 मध्ये पुन्हा. युनायटेडला यायच्या आठवडाभर आधी त्याच्या स्पोर्टिंगने याच सिटीला 4-1 हरवलं होतं.

पण मधे दोघं ठेवायचे तर तिसरा माणूस कुठून तरी यावा लागतो. एक तर मागच्या तिघांतल्या एकाने वेळेवर पुढे चढायचं, नाहीतर पुढच्या तिघांतल्या एकाने खाली यायचं. आपले स्टॉपर, म्हणजे मागचे तिघं, चढतात, पण उशिरा. तोवर पास निघून गेलेला असतो आणि त्यांच्या मागे मोकळं रान. विंगबॅकही पूर्ण कड एकट्याने सांभाळणारे लागतात. आपल्याकडे त्या जागेसाठी खास आणलेला डॉर्गू एकटाच, बाकी सगळे तडजोडीचे.

मेनूचं म्हणाल तर अमोरिमनेच सांगितलंय की त्याची स्पर्धा ब्रुनोशी आहे. ब्रुनो कॅप्टन, तो बसणार नाही. त्याला पुढच्या तिघांत त्याच्या नेहमीच्या जागी खेळवलं तर मेनूला जागा होते, पण तिथे कुन्या आणि म्बेमोवर एवढे पैसे ओतलेत. माझ्या मते मेनूचं नुकसान इथे झालं, सरावात नाही.

पोराला एक काम द्या. पुढच्या मॅचला पहिली वीस मिनिटं बॉल बघू नको म्हणावं, फक्त मधले दोघं बघ. समोरच्या संघाचा माणूस त्यांच्या पाठीमागे मोकळा राहून वळला की कागदावर एक रेघ. त्याला स्वतःलाच उत्तर सापडेल, आणि मिडफिल्डर असेल तर त्याच्या खेळालाही उपयोग होईल.

प्रतिसाद 2

मॅकटॉमिनेचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. विकत आणलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून खर्ची पडते. अकादमीतल्या पोराची वहीत किंमत शून्य, त्यामुळे तो विकला की आलेली सगळी रक्कम नफा. लीगने तोट्यावर मर्यादा घातली आहे, मग अँटनीसारख्या महागड्या खरेदीचा खड्डा भरायला घरचा पोरगा विकला जातो. हा नियम फक्त आपल्याला लागू नाही, पण खड्डा आपण स्वतः खणलेला आहे. मॅकटॉमिने गेला तेव्हा अमोरिम आलाही नव्हता, तेवढं त्याच्या माथी मारू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. उत्तरं पोराला वाचून दाखवली. वहीची गोष्ट त्याला पटली नाही, "मग अकादमी कशाला काढायची?" म्हणाला. मलाही पटलेली नाही, पण निदान कळली.

काल रात्री दहाला चेल्सीची मॅच होती. पोरगं कागद-पेन्सिल घेऊन टीव्हीसमोर मांडी घालून बसलं. पाचव्याच मिनिटाला त्यांच्या गोलकीपरला लाल कार्ड मिळालं आणि मोजणी बिघडली. तोवर दोन रेघा झाल्या होत्या. ब्रुनो आणि कासेमिरोचे गोल झाले तेव्हा दोघंही नाचलो, मग हाफटाइमच्या तोंडावर कासेमिरोही लाल कार्डावर बाहेर गेला. पोराने लगेच सोंगट्यांचा डबा ओढला, एक काळी उचलून बाजूला ठेवली आणि राणी कुठे सरकवायची ते बघत बसला. 2-1 ने जिंकलो. कागद त्याने पुढच्या मॅचसाठी फोटोखालीच भिंतीला चिकटवलाय.